देवाची मूठ

रूथ वारली तशी तिच्या आईनं, एस्तेरनं, चर्चची वाट सोडली. लातूरचा जिल्हा झाला तरी पाऊस फिरकला न्हाई, आणि ही बयाही.

आमच्यात दर रविवारी बायका देवाची मूठ म्हणून चर्चमधल्या आपापल्या डब्यात पीठ टाकतात. एस्तेरची मूठ लहानगी रूथच टाकायची, वरून थापायची.

शेवटी तो डबाच मी एस्तेरच्या दारात नेऊन आदळला. “तू देवावर रुसलीस, पण तुझी मूठ एक रविवार चुकली न्हाई. बघ उघडून.”

झाकण काढून ती बघतच राहिली. मग डोईवर पदर घेतला. “चला, अक्का.”

मी पदराआड हसले. पीठ तर मीच टाकत होते.

मग डब्यात डोकावले. मी नुसतं ओतलेलं पीठ इवल्या पंजानं थापलेलं होतं.