तिथल्यासारखं सूप

"तिथल्यासारखं नाही."

लेकीने चमचा पुन्हा बाऊलमध्ये ठेवला. ओट्याशी उभी असलेली आई लगेच वळली.

"काय कमी आहे, राणी? मीठ? मिरपूड?"

"माहीत नाही. पण तिथल्यासारखं नाही."

लांबलेला ताप एकदाचा गेला होता, पण जाताना पोरीच्या तोंडाची चवही घेऊन गेला होता. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि सांगितलं, आता हिचं औषध तुमच्या स्वयंपाकघरात. पण ताट पुढे आलं की ही मान फिरवायची. दूध नको, अंडं नको, खीरसुद्धा नको. कित्येक दिवसांनी काल तिने आपणहून काही मागितलं, तेही कोपऱ्यावरच्या हॉटेलातलं मशरूमचं सूप. ते हॉटेल केव्हाच बंद पडलं होतं. तिथे आता चष्म्याचं दुकान होतं.

"त्यात काय, मी करते की," आई म्हणाली होती. उगाच नव्हती म्हणाली. बिस्किटांच्या कारखान्यात माल चाखून पास-नापास करणं हे तिचं रोजचं काम. बटर बदललं, की वेष्टन न बघता ती ओळखायची. काल सूप फसलं. आज सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. मशरूम कडा काळपट होईपर्यंत परतले, मैदा बटरमध्ये बदामी केला, चिमटीतलं जायफळ टाकताना श्वास रोखला. मग चमचाभर जिभेवर घेतलं आणि ती स्वतःच दचकली. तेच सूप. हुबेहूब तेच. कारखान्यात तिने डोळे झाकून पास केलं असतं.

आणि पोर म्हणत होती, नाही.

"मला तर वाटतं, त्या आचाऱ्यालाच आईने फ्रिजमागे लपवून ठेवलंय," वडील म्हणाले. कोणी हसलं नाही. मग त्यांनी टेबलावर दोन बोटांनी टकटक केली. "ओ वेटर! जरा इकडे लक्ष द्या. आमच्या मॅडमचं सूप गार झालंय. आणि गार्लिक ब्रेड आणा, कडक भाजून."

खेळाच्या नादात दोन चमचे पोटात गेले तर हवेच होते. आईने फडकं खांद्यावर टाकलं. "आणते, साहेब. मॅडम, आणखी काही?"

मॅडमनी मान हलवली. नुसतीच.

आईने सूप पुन्हा उकळत ठेवलं, ब्रेड तव्यावर टाकला, दुसऱ्या हाताने क्रीमचा डबा उघडला. सूप ओतून टेबलाशी आली, तोवर ब्रेडचा वास सुटला म्हणून परत पळाली. ब्रेड उलटून आली, तर चमचा धुवायचा राहिलेला. चमचा धुऊन आणला आणि तिथेच उभी राहून लेकीच्या गळ्याकडे बघत राहिली, गिळते का ते.

लेकीने ओठाला चमचा लावला. खाली ठेवला.

"थांब, मिरपूडच कमी असेल," आई म्हणाली. "नाहीतर क्रीम. की कांदा घालत होते ते? अहो, आठवतंय का तुम्हाला, कांदा होता का त्यात?"

"अगं, जरा दम धर."

"कसला दम धरू? फ्रॉक खांद्यावरून घसरतोय हिचा, दिसत नाही का तुम्हाला?" आवाज चढला तशी ती मिरपुडीची बाटली शोधायला वळली. बाटली तिच्या हातातच होती.

"बाबा," लेक म्हणाली, "तिथे आई वेटर नव्हती."

वडिलांची बोटं टेबलावर थांबली. "म्हणजे?"

"तिथे आई माझ्या शेजारी बसायची. तिचं पण सूप यायचं. आणि माझ्याआधी संपवायची."

"मी? काहीतरीच काय!" आई म्हणाली.

"संपवायचीस," वडील म्हणाले. "माझ्यातलं पण घ्यायचीस."

आईने बाटली ओट्यावर ठेवली, पुन्हा उचलली. "बसते हं. एवढा एक ब्रेड उलटते आणि..."

"आत्ता," लेक म्हणाली. तापातून उठल्यापासून इतक्या मोठ्याने ती बोललीच नव्हती.

आईने गॅस बंद केला. एका बाऊलमध्ये स्वतःसाठी सूप वाढून घेतलं आणि ती टेबलाशी आली. तिसऱ्या खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता. ढिगावर वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांवर बॅटरी, बॅटरीशेजारी लोकरीचे गुंडे. खुर्चीची नुसती पाठ तेवढी दिसत होती. बाऊल हातात धरून आई त्या ढिगाकडे बघत राहिली. जणू आपणच तो रोज थोडा थोडा रचलाय, हे तिला आत्ता कोणीतरी सांगितलं होतं.

वडील लगबगीने उठले. सगळा ढीग त्यांनी कवेत घेतला. एक लोकरीचा गुंडा टेबलाखाली गडगडत गेला.

परक्या घरी बसावं तशी आई खुर्चीच्या कडेवर टेकली. लेक तिच्या चमच्याकडे बघत होती. आईने फुंकर मारली, मग लेकीने मारली.

"अगं, हे सगळं ठेवू कुठे?" हनुवटीखाली ढीग दाबून स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या राहिलेल्या वडिलांनी विचारलं.

दोघींच्याही तोंडात चमचे होते.