दहा शनिवार

"मी नाही जाणार," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "एकसष्टाव्या वर्षी शाळेत? लोक हसतील."

"हसू देत," बायको म्हणाली. "दर शनिवारी धंदा चालवायला शिकवतात. मी नाव नोंदवून आलेय."

निवृत्तीनंतर त्याने पडद्यांचं दुकान काढलं, त्याला तीन वर्षं झाली होती. मालक तो. पण मापं घेणं, गिऱ्हाइकं सांभाळणं, दोन्ही शिंप्यांना काम वाटून देणं, सगळं तिच्याकडे. तो खुर्चीत बसे आणि तासातासाला विचारी, "अगं, आता काय करू?"

वर्गात सगळेच उतारवयात धंद्यात पडलेले. शिकवणारी लेकीच्या वयाची.

"काका, दुसऱ्यांना कामाला लावणं नंतर," ती म्हणाली. "आधी स्वतःला लावायचं."

आपला दिवस आपण आखायचा. निर्णय आपण घ्यायचा. चुकला तर खापर दुसऱ्यावर फोडायचं नाही.

चौथ्या आठवड्यात तो एकटा माप घ्यायला गेला. पडदा वीतभर आखूड झाला. तो मान खाली घालून उभा राहिला, पण बायको चिडली नाही.

"पुन्हा जा, पुन्हा घ्या," ती म्हणाली. "तुमचं तुम्हाला जमायला हवं आता."

तो 'आता' त्याच्या मनात अडकून राहिला. ती अलीकडे दुपारची दोन-दोन तास बाहेर जायची. कुठे, ते सांगायची नाही. फोन आला की गच्चीवर जाऊन बोलायची. वाळलीही होती.

विचारायचा त्याला धीर होईना. तो फक्त झपाटल्यासारखा शिकत राहिला. सकाळी तिच्याआधी उठू लागला. तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला स्वतः सामोरा गेला. रुसलेल्या शिंप्याची समजूत काढली. तिच्या जिवाला घोर नको, एवढंच मनात.

दहाव्या शनिवारी तो प्रमाणपत्र घेऊन घरी आला. ते तिच्या हातात दिलं आणि शेजारी बसला.

"दुकानाची काळजी सोड. सगळं जमतंय मला. आता खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

"कसले डॉक्टर?"

"लपवू नकोस गं. मी तयार आहे."

तिने प्रमाणपत्र दोनदा वाचलं. मग नीट घडी करून त्याला परत दिलं.

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "सोमवारी माझं स्वतःचं दुकान उघडतंय, पुढच्या चौकात. तुमची सोय लागेपर्यंत थांबले होते. दोन्ही शिंपी माझ्याकडे येतायत."