नुसतं धरणं

"कुठं धरू?" तुळजाबाईनं विचारलं.

इतक्या वर्षांत तिनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. तिच्या नवऱ्याचा, गेनबाचा, हातोडा हवेतच थांबला. समोर गिऱ्हाईक श्यामसुंदर मोबाइलवर शूटिंग करत उभा होता. हडपसरच्या त्या शेडमध्ये जुन्या जीपच्या सांगाड्यावर त्याची दोन माणसांची गाडी उभी राहत होती. डावं मडगार्ड तेवढं राहिलं होतं. ते घडताना बघायला तो आज मित्रांना घेऊन आला होता. काम पसंत पडलं तर मित्रांच्या गाड्याही इथंच येणार होत्या.

"धर की नेहमीसारखं," गेनबा म्हणाला.

"तुम्ही सांगा. मी नुसती धरणारी."

मित्र हसले. गेनबाही हसला, पण जरा उशिरा.

शेडमधली सगळी हत्यारं घरीच केलेली होती. बाभळीच्या ओंडक्यात कोरलेला खळगा, जुन्या जीन पँटचा पाय कापून त्यात वाळू भरून शिवलेली उशी, ट्रकच्या एक्सलचा तुकडा घासून केलेला ठोकळा. पत्रा आधी खळग्यात ठोकून खोलगट करायचा. मग वाळूच्या उशीवर त्याला गोलाई आणायची. शेवटी गेनबा वरून हातोडा मारायचा आणि तुळजाबाई खालून ठोकळा धरायची. ठोकळा बरोबर हातोड्याखाली असला तर पत्रा दोघांमध्ये चेपून पातळ होतो, पसरतो. ठोकळा जरा बाजूला असला तर उंचवटा खाली बसतो आणि शेजारचा खड्डा वर येतो. घाव तोच, परिणाम दोन. त्यातला कुठला व्हायचा ते खालचा हात ठरवतो. खालचा हात कुणाला दिसत नाही.

त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे. म्हणून घावाआधी तुळजाबाई ठोकळ्यानं पत्र्याला खालून एक हलका ठोका द्यायची. म्हणजे, इथं मारा. बघणाऱ्याला तो हातोड्याचाच पडसाद वाटायचा.

मागच्या आठवड्यात शेडची नवी पाटी रंगवायला माणूस आला होता. तुळजाबाईनं आपलंही नाव घालायला सांगितलं. गेनबानं मान तिरकी करून रंगाऱ्याकडे पाहिलं. अलीकडे तो सगळ्यांकडेच तसा बघायचा; लोक म्हणायचे, नाव झालंय, गुर्मी चढलीय.

"मग स्टुलाचंबी नाव घाल," गेनबा म्हणाला. "तेबी मला धरून ठेवतंय."

रंगाऱ्याला हसू आवरेना. पाटीवर एकच नाव आलं. तुळजाबाईनं रात्री रोजच्यासारख्या भाकऱ्या थापल्या आणि आजच्या दिवसाची वाट बघत राहिली.

"हितं धर," गेनबानं मडगार्डच्या उतारावर बोट ठेवलं.

तिनं तिथंच धरलं. खड्डा बोटभर पुढं होता, हे तिच्या तळव्याला समजत होतं. तिनं ठोका दिला नाही. गेनबानं क्षणभर वाट पाहिली आणि मारलं. पुन्हा वाट पाहिली, पुन्हा मारलं.

"जरा म्होरं."

ती जरा पुढं सरकली. सांगितलं तेवढीच, केसभरही जास्त नाही.

घाव पडत राहिले. प्रत्येक घावाला पत्रा थोडा पसरत होता आणि पसरलेल्या पत्र्याला जायला जागा नव्हती. गेनबानं हातोडा खाली ठेवला, डोळे मिटले आणि पत्र्यावरून तळवा फिरवला.

"बघ, डोळे मिटून चेक करतोय!" एक मित्र कुजबुजला. "याला म्हणतात स्किल!"

तळवा मधेच अडकला. तिथं फुगवटा आला होता. दाबला की आत जाई, सोडला की बाहेर येई.

"मामा, हे असं लाटेसारखं काय झालंय?" श्यामसुंदरनं विचारलं.

"डिझाइन असेल," दुसरा मित्र म्हणाला. "आमच्याकडे पापड तळताना होतं असं."

सगळे खळखळून हसले. गेनबाच्या कपाळावर घाम आला. ठोकळा बघितल्यासारखं करून तो मडगार्डखाली वाकला आणि तुळजाबाईच्या कानाशी आला.

"तुळजे, ठोका दे."

"कुठं?"

"रोज देतीस तिथं. थट्टा करू नगं."

"मी कुठं काय देते? मी नुसती धरते."

त्यानं तिचं मनगट घट्ट पकडलं.

"आईक," तो अगदी हळू म्हणाला. "दोन वर्सं झाली, मला म्होरचं दिसत न्हाय. कडंचं दिसतं, पर मधी नुसतं काळं. तू ठोका देतीस आन् मी तिथं मारतो. कुनालाच म्हाईत न्हाय. ह्या पोरांना कळलं तर उद्यापास्नं ह्या शेडात कुत्रंबी यायचं न्हाय. पाटीवर तुझं नाव घालतो. माझ्या वर घालतो. पर आता ठोका दे."

तुळजाबाईनं ठोकळा जमिनीवर ठेवला. मनगट सोडवून घेतलं. मडगार्डखालून बाहेर येऊन ती सरळ उभी राहिली आणि पदराला हात पुसले. श्यामसुंदरचा मोबाइल अजून चालूच होता.

"दोन वर्सं ठाऊक हाय मला," ती बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "तुमाला दिसत न्हाय ते."