टीव्हीवरचे डॉक्टर

विद्याधरकाकांनी अमेरिकन मालिकांमध्ये उभा जन्म काढला, पण वाट्याला यायचा तो दर वेळी दोन वाक्यांचा डॉक्टरच.

आता त्यांच्या बायकोला, नलिनीकाकूंना, काही आठवेनासं झालं होतं. फ्रीमाँटच्या केअर होममध्ये त्या काकांनाही ओळखत नव्हत्या. नर्सने गोळी पुढे केली की तोंड फिरवायच्या आणि टीव्हीवर लागलेल्या काकांच्या जुन्या एपिसोडकडे बोट दाखवायच्या, "त्या डॉक्टरांनी दिली तरच घेईन."

मग काका शूटिंगचा जुना पांढरा कोट घालून रोज यायला लागले आणि काकू निमूट गोळी घ्यायला लागल्या.

आज रिकामा ग्लास परत देताना काकूंनी त्यांचा हात क्षणभर धरून ठेवला.



"तुम्ही न चुकता रोज येता हो, डॉक्टर. आमच्या ह्यांनाच मेली शूटिंगमधून सवड होत नाही."