बाबांची तारीख

बाबा गेले, तेव्हा त्यांची जागेची केसही संपली असंच आम्ही धरून चाललो होतो. "कागद तेवढे काढून आण, म्हणजे एकदाचं मोकळं होऊ," आई म्हणाली. म्हणून नकलेचा अर्ज घेऊन मी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले.

कारकुनाने केस नंबर कॉम्प्युटरवर टाकून पाहिला आणि अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

"ताई, इथे निकाल लागलेल्या फायली येतात. तुमची केस अजून चालू आहे. आज तारीखच आहे, वर जा."

"पण बाबा गेले."

"कोर्टाला कळवलंत का?"

दूधवाल्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांना कळवलं होतं. कोर्ट तेवढं राहून गेलं होतं.

वर जाऊन मी व्हरांड्यातल्या नेहमीच्या बाकावर बसले. दर तारखेला मी पुढे येऊन इथेच बाबांसाठी जागा धरायचे. थोड्या वेळाने शिपाई दारात आला आणि त्याने बाबांच्या पूर्ण नावाचा पुकारा केला. कुणी आलं नाही, तसा त्याने पुन्हा केला.

मी उठून उभी राहिले.



"येतायत," मी म्हणाले, "जिना चढायला त्यांना जरा वेळ लागतो."