हवेत बसलेला कावळा

कावळा थेट पडद्याबाहेर झेपावायला हवा होता. तो आतच राहिला.

ताईने लाल-निळा कागदी थ्रीडी चष्मा नाकावर वर-खाली करून पाहिला. यापेक्षा खिडकीतला कावळा बरा, निदान खायला तरी मागतो, असं म्हणाली. आईने छान आहे म्हणून सांगितलं, पण जरा चाचरतच. भिंगरीचा चेहरा पडला. अख्खी सुट्टी तिने या कावळ्याच्या पंखांत घातली होती, आणि उद्या तो सगळ्या शाळेपुढे उडणार होता.

"वा, काय अंगावर आला गं," मामा म्हणाला. "चोच लागली असती नाकाला."

मामा घड्याळं दुरुस्त करायचा. भिंगरीची नवी फिल्म असली की दुकान लवकर बंद करून तो पहिल्या खुर्चीत येऊन बसायचा आणि तोंडभरून कौतुक करायचा.

भिंगरीने सेटिंग उघडलं आणि कपाळावर हात मारला. सकाळी रंग तपासताना तिने प्रिव्ह्यू 'फक्त डावा डोळा'वर ठेवला होता. तो बदलायचाच राहिला होता. म्हणजे कावळा कुणाच्याच अंगावर येणं शक्य नव्हतं.

तिने 'दोन्ही डोळे' केलं. कावळा सुटला. आई खुर्चीसकट मागे सरकली, ताईच्या हातातलं पाणी सांडलं. मामानेही झटकन मान चुकवली. "वा, काय अंगावर आला गं." अगदी मघासारखंच.

भिंगरी त्याच्याकडे बघतच राहिली. मामाचा उजवा डोळा लहानपणीच गेला होता. घड्याळजीला एकच डोळा लागतो, दुसरा उगाच फुकट बघत बसतो, असं तो सांगायचा. सगळे इतके हसायचे की त्या डोळ्याचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. या चष्म्याला मात्र दोन डोळे लागतात. तिचे मासे, तिचे फुगे, तिची विमानं, सगळं मामाने सपाटच पाहिलं होतं.

चोरी पकडली गेल्याचं मामाला कळलं. तो ओशाळून हसला.

"तुम्ही मान चुकवली की मीही चुकवतो. आज जरा घाई झाली."

भिंगरी डिस्प्लेच्या यादीत शिरली. अगदी तळाशी 'आलटून-पालटून' होतं. डाव्या डोळ्याचं चित्र, उजव्याचं, पुन्हा डाव्याचं, भराभर. त्याने चक्कर येते म्हणून तिने त्याला कधी हात लावला नव्हता. तिने वेग कमी-जास्त केला, दोन चित्रांतलं अंतर थोडं घटवलं आणि मामाच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. आमच्याकडे बघायचं नाही, असा दमही दिला.

पडदा थरथरू लागला. जवळचं जास्त हलत होतं, लांबचं कमी, म्हणजे एका डोळ्यालाही जवळ-लांब कळण्यासारखं होतं. कावळा झेपावला, वळला, फांदीवर येऊन बसला. मामाने मान चुकवली नाही. वाहवाही केली नाही. भिंगरी फिल्म बंद करायला गेली, तर मामाने तिचा हात धरला आणि पडद्याजवळ वाकला.

"भिंगरे, हा फांदीवर बसलेलाच नाहीये. फांदीच्या वीतभर पुढे, नुसता हवेत बसलाय."

भिंगरीने पुन्हा 'दोन्ही डोळे' केलं, आईने चष्मा लावून निरखून पाहिलं. खरंच होतं.

मामाने आज पहिल्यांदाच तिच्या कामात चूक काढली होती, आणि भिंगरी घरभर नाचत सुटली होती.