पंजाखालचं पिल्लू

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे!

इथं अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या घरामागच्या पार्कात एक जुना पूल आहे. चीनहून एकेक दगड आणून तो पुन्हा जोडलाय. कठड्यावर दगडी सिंहिणी बसल्यात, प्रत्येकीच्या पंजाखाली पिल्लू. एकीचा पंजा मात्र रिकामा.

"आजी, हिचं बेबी कुठंय?" माझ्या नातीनं, आश्लेषानं विचारलं.

"चीनमध्येच राहिलं असेल गं."

मला गलबलून आलं. मी पर्समधली डबी काढली, सिंहिणीला कुंकू लावलं आणि म्हटलं, "बाई, तुझं लेकरू तुला मिळू दे."

मग सहज खाली पाहिलं. पाण्यातल्या सिंहिणीच्या पंजाखाली पिल्लू होतं! डोक्यावर लाल गोंड्याची टोपी, मी आश्लेषासाठी विणलेली. वर पाहिलं तर पंजा रिकामाच.

"तुझी टोपी कुठंय गं?"

"आय गेव्ह इट टू द बेबी, आजी."

बरं बाई, एवढं एक मी रचलं. आश्लेषा तेव्हा माझ्याबरोबर नव्हतीच. टोपी घालून शाळेत गेली होती. दुपारी स्कूलबसमधून उतरली, तेव्हा डोक्यावर टोपी नव्हती आणि कपाळावर कुंकू होतं.